पारदर्शक, पण काच नव्हे

कोरड्या हवेसाठी देवळाली कॅम्प पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. मुंबईकर तेथे हवापालटासाठी जात. तेथील लख्ख ऊन माणसाला मानवते. प्लॅस्टिकची मात्र ते कसोटी पाहते. अशा ठिकाणी शाळेच्या व्हरांड्यावर पारदर्शक पत्रा टाकायचा झाल्यास बहुधा पॉलिकार्बोनेटचे नाव सुचवले जाते. त्याचे गुणदोष आपण पाहू.

पॉलिकार्बोनेट हे एक बहुवारिक आहे. १९५३ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत हर्मान श्नेल यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे तयार केले. त्याच्या लांब रेणुसाखळ्या स्फटिकाप्रमाणे शिस्तीत रचलेल्या नसतात. त्यामुळे प्रकाश आत विखुरत नाही आणि पत्रा पारदर्शक दिसतो. आघात झाला की साखळ्यांचे भाग किंचित सरकतात व आघाताची ऊर्जा शोषली जाते. काचेत असे सरकणे शक्य नसल्याने तडा पसरत जातो. म्हणूनच पोलिसांच्या पारदर्शक ढाली आणि प्रयोगशाळेतील संरक्षक चष्मे पॉलिकार्बोनेटचे असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक जिल्ह्याने मोठी गारपीट अनुभवली. डोक्यावरच्या छपरासाठी हा चिवटपणा किती मोलाचा, हे त्यावरून ध्यानात येईल. शिवाय वजनही कमी: ३ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन साडेसात किलो, तर तेवढ्याच पॉलिकार्बोनेटचे ३.६ किलो.

आता दोष पाहू. पहिला, प्रसरण. एक मीटर लांबीचा पत्रा तापमान एक अंशाने वाढल्यावर सुमारे ०.०६५ मिलिमीटर वाढतो. थंडीतील पहाटेचे १० अंश आणि उन्हाळी दुपारी तापलेल्या पत्र्याचे ६० अंश, असा ५० अंशांचा फरक धरू. तीन मीटरचा पत्रा ३ × ५० × ०.०६५, म्हणजे जवळजवळ १० मिलिमीटर वाढेल. लोखंडी सांगाडा मात्र दोन मिलिमीटरहूनही कमी वाढतो. पत्रा घट्ट आवळला तर तो फुगतो किंवा छिद्रापाशी तडकतो. म्हणून छिद्रे स्क्रूपेक्षा मोठी ठेवून रबरी वॉशर वापरावेत.

दुसरा दोष अतिनील किरणांचा. त्यांच्यामुळे साखळ्या तुटतात, पत्रा पिवळा पडतो व ठिसूळ होतो. हे टाळण्यासाठी पत्र्याच्या बहुधा एकाच बाजूवर संरक्षक थर दिलेला असतो. ती बाजू वरच्या फिल्मवर छापलेली असते. तीच आकाशाकडे हवी. पत्रा उलटा बसला, तर खर्च वाया जातो आणि ठिसूळ छप्पर मुलांच्या डोक्यावर राहते. तिसरा दोष, ओरखडे व रसायने. ॲसिटोन, थिनर किंवा घासणीने तो कधीही पुसू नये. मऊ कापड आणि सौम्य साबणाचे पाणी पुरे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली नोटेवरील क्रमांक चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये साधी पातळ काच धरली, तरी चमक बरीचशी टिकते. संरक्षक थराचा पॉलिकार्बोनेट पत्रा धरल्यास ती जवळजवळ नाहीशी होते. दिव्याकडे थेट पाहू नये. यावरून विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: अशा छपराखाली भरपूर उजेड असूनही त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व का तयार होणार नाही? खेळाचा तास उघड्या मैदानावरच घ्यावा, हे उत्तर मुले स्वतःच देतील.