गणिताची नवी पाटी

दिवेलागणीला तुळशीपुढे पणती लागली, शुभंकरोती म्हणून झाली, की ओट्यावर बसून मुलांनी परवचा म्हणावयाचा, हा गोमंतकातील अनेक हिंदू घरांचा एके काळचा नित्यक्रम होता. तिसापर्यंतचे पाढे आले म्हणून सुटका नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकीही घोकावी लागे. त्या पाठांतराच्या बळावर शाळेची पायरी फारशी न चढलेला दुकानदारही कुडव-पायलीचा हिशेब तोंडी करीत असे. तो परवचा आता क्वचितच कानी पडतो. मुलांच्या हाती मोबाईल आला आहे आणि ‘सात चोक किती’ असे विचारताच बोट प्रथम त्या यंत्राकडे वळते. याबद्दल हळहळणारी माणसे पुष्कळ आहेत. परंतु हळहळ म्हणजे धोरण नव्हे. ज्या यंत्राने पाठांतराची सवय मोडली, त्याच यंत्राच्या साहाय्याने गणित अधिक समजून शिकविता येईल काय, आणि येत असल्यास ते साधन प्रथम कोणाच्या हाती पडावे, याचा विचार आता शांतपणे व्हावयास हवा. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत तर या प्रश्नाशी गावच्या मराठी शाळेचे भवितव्यच बांधले गेले आहे.

आजकाल ‘परस्परसंवादी डिजिटल साधने’ हा शब्दप्रयोग सरकारी परिपत्रकांत वारंवार भेटतो. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भिंतीवरच्या पडद्यावर गणिताची चित्रफीत लावली आणि वर्गातील मुले ती मुकाट्याने पाहत बसली, तर त्यात संवाद कसला? फळ्याची जागा पडद्याने घेतली, एवढेच. संवाद तेव्हा घडतो, जेव्हा मूल काही करते, चुकते, आणि ते नेमके कोठे चुकले हे त्याच क्षणी त्याला दिसते. एक साधे उदाहरण घेऊ. बावन्नातून सत्तावीस वजा करावयास सांगितले, तर दुसरी-तिसरीतील कित्येक मुले उत्तर पस्तीस असे लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा करून ती मोकळी होतात. वहीत अशा उत्तरावर लाल फुली पडते आणि वही दुसऱ्या दिवशी परत मिळते. तोवर आपण काय विचार केला होता हे मूल विसरून गेलेले असते. चांगल्या साधनात बावन्न म्हणजे दहा-दहांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या पडद्यावर दिसतात. सात काड्या उचलावयास गेलेल्या मुलाला त्या पुरत नाहीत. मग ते एक जुडी सोडते. ‘उसना घेणे’ या शब्दाचा अर्थ त्याला त्या क्षणी उमगतो.

चाणाक्ष वाचक येथे विचारील, की हेच काम माडाच्या हिरांच्या जुड्या बांधून होणार नाही काय? अवश्य होईल, आणि ते प्रथम तसेच व्हावे. पहिलीच्या मुलाने हीर मोजावे, जुडी हाताने बांधावी आणि हाताने सोडावी. पडद्याची पाळी त्यानंतरची. परंतु जेथे हिरांची जुडी अपुरी पडते अशाही जागा गणितात आहेत. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असे विचारले तर अनेक मुले चतुर्थांशाकडे बोट दाखवितात, कारण तीनापेक्षा चार मोठे! भाकरीचे दहादा वेगवेगळे भाग करून दाखविणे वर्गात शक्य नसते. पडद्यावर मात्र मूल एकाच पट्टीचे हवे तितके भाग करते, ते शेजारी ठेवून पाहते, आणि भाग वाढले की प्रत्येक भाग लहान होतो हे स्वतःच ताडते. अशा ठिकाणी यंत्र खरोखर उपकारक आहे.

तथापि यंत्र वाटले म्हणजे गणित येते, हा भ्रम जगाने पुरेशी किंमत मोजून दूर केला आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने खेड्यापाड्यांतील शाळकरी मुलांना लक्षावधी लॅपटॉप वाटले. तेथील तीनशेहून अधिक ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गणितात अथवा भाषेत मुलांची प्रगती झाल्याचा पुरावा आढळला नाही. त्याच चळवळीतील लॅपटॉप आपल्या शेजारी, रायगड जिल्ह्यातील खैरात या खेड्याच्या छोट्या एकशिक्षकी शाळेतही २००७ साली आले होते. परंतु तो प्रयोग पुढे राज्यभर पसरला नाही. याउलट दिल्लीत केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहाशेहून अधिक मुलांपैकी ज्यांना शाळेनंतरच्या केंद्रात शिकण्याची संधी मिळाली, त्यांची अवघ्या साडेचार महिन्यांत गणितात लक्षणीय प्रगती झाली. ही मुले माध्यमिक वर्गांच्या उंबरठ्यावरची होती आणि त्यांपैकी बहुतेक जण गणितात आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होते. तेथील साधन प्रत्येक मुलाला प्रथम पारखीत असे आणि सहावीतल्या मुलास तिसरीचे गणित येत नसेल, तर तिसरीपासूनच आरंभ करीत असे. शिवाय दीड तासाच्या पाळीतील निम्मा वेळ एक शिक्षक-साहाय्यक लहान गटाला समोर बसवून शिकवीत असे. पेरू आणि दिल्ली यांच्या फरकातील धडा उघड आहे. मुलाच्या पायरीवर येऊन उभे राहणारे साधन हवे, आणि त्याच्या पाठीशी माणूस हवा.

आता आपल्या राज्याकडे वळू. गोव्यात यंत्रे वाटण्याचा उत्साह नवा नाही. उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचविणारी ‘सायबरएज’ योजना या शतकाच्या आरंभीच येथे आली. शाळांतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकविण्याची योजना २०२१ साली सुरू झाली. ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आहे. या योजनांचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु इमारतीच्या वरच्या मजल्यावर रोषणाई करताना पाया कसा आहे, हे कोणी पाहावयाचे? आपल्याकडे चौथीपर्यंतची शाळा ही प्राथमिक शाळा. गणिताची गोडी लागते ती तेथेच, आणि धास्ती बसते तीही तेथेच. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचन आणि मूलभूत गणित यावे असे ध्येय ठेवून त्यासाठी २०२६-२७ ही मुदत घातली. ‘असर’ या संस्थेच्या २०२४ सालच्या पाहणीत मात्र देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांनाच हातच्याची वजाबाकी करता आली. ज्याला बावन्नातून सत्तावीस वजा करता येत नाहीत, त्याच्या हाती सहावीत यंत्रमानव देऊन काय साधणार?

पेडणे आणि डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली गेलेल्या नव्या काबिजादीतले. तेथील मराठीची परंपरा परकी राजवटीतही तुटली नाही. देवळाच्या मंडपात आणि घरांच्या ओट्यांवर पंतोजींनी ती जगविली. मुक्तीनंतर १९६३ साली आलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या आणि बहुजन समाजाच्या मुलांना प्रथमच अक्षराची आणि अंकाची दारे खुली झाली. आज त्याच शाळांची पटसंख्या रोडावत आहे. १९९० साली सरकारने प्रादेशिक भाषांतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. २०११ साली इंग्रजी माध्यमासाठीही ते दार उघडले. माध्यमाच्या त्या वादात आज आम्ही शिरत नाही. परंतु पटावर दहा-बारा मुले, वर्ग चार आणि शिक्षक एक, अशा शाळा इब्रामपूर-हळर्णपासून साळ-लाटंबार्से-मेणकुऱ्यापर्यंतच्या पट्ट्याला अपरिचित नाहीत. मोपाचा विमानतळ २०२३ सालच्या जानेवारीत सुरू झाला. ज्या गावांवरून विमाने जातात, त्या गावांतील मुलाने शेजारच्या गावी बसने शाळेत जावे आणि आपल्या वाड्यावरील शाळेला कुलूप लागलेले पाहावे, हा प्रगतीचा अर्थ आम्हास मान्य नाही.

डिजिटल साधनाचा सर्वांत खरा उपयोग अशाच एकशिक्षकी शाळेत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिक्षिका पहिलीच्या मुलांना हीर मोजावयास शिकवीत असता चौथीची तीन मुले काय करतात? बहुधा फळ्यावरची उदाहरणे उतरवून घेतात आणि स्वस्थ बसतात. त्या तिघांच्या हाती वीस मिनिटे टॅब्लेट दिला, त्यांच्या पायरीची उदाहरणे त्यात असली आणि चूक तेथल्या तेथे दाखविली गेली, तर तो वेळ वाया जात नाही. नंतर पाळी बदलावी. बाई चौथीकडे वळतील आणि दुसरीची मुले पडद्याकडे. दिवसाच्या शेवटी कोणाचे कोठे अडले याची नोंद बाईंसमोर असेल आणि उद्याचा पाठ तेथून सुरू होईल. मोठ्या शाळेत यंत्र ही सोय आहे. एकशिक्षकी शाळेत मात्र ते शिक्षिकेचा दुसरा हात होऊ शकते. दुर्दैवाने वाटपाची रीत उलटी असते. पट मोठा तेथे साधने आधी पोहोचतात आणि पट लहान तेथे शाळा बंद होण्याची वाट पाहिली जाते.

साधनाची भाषा कोणती, हाही गौण मुद्दा नव्हे. मराठीत आपण ‘चोवीस’ म्हणतो तेव्हा चार आधी उच्चारतो आणि वीस मागाहून. लिहिताना मात्र दोन आधी आणि चार मागाहून. म्हणून लहान मूल चोवीस ऐकून बेचाळीस लिहिते. ‘एकोणपन्नास’ म्हणताना पन्नासाचे नाव घ्यावयाचे आणि चारांनी आरंभ करून लिहावयाचे, हेही त्याला कोडेच. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची पर्यायी रीत आली तेव्हा मोठे वादळ उठले. परंतु त्या रीतीमागची अडचण काल्पनिक नव्हती. इंग्रजी मुलांसाठी बनविलेल्या साधनाचे मजकूर तेवढे मराठीत उतरविले, तर ही अडचण त्याच्या ध्यानीही येणार नाही. आवाज मराठी हवा, ‘चोवीस’ म्हणताच दोन जुड्या आणि चार काड्या समोर यावयास हव्यात, आणि ‘हातचा’, ‘उसना’, ‘दशक’ हे वर्गातले शब्दच पडद्यावर असावयास हवेत. घरी पेडणेची बोली बोलणाऱ्या मुलाला तेथून पुस्तकी मराठीपर्यंत नेण्याचे काम शिक्षिकेचेच राहील. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला; त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली होती. खेड्यातला मराठी शिक्षक तंत्रज्ञानाचा नुसता ग्राहक नसून कर्ताही होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. आमच्या पेडण्या-डिचोलीच्या शिक्षकांत ही कुवत नाही, असे कोण म्हणेल?

व्यवहाराच्या बाजूही सांगितल्या पाहिजेत. २०२० साली महामारीने शाळा बंद पडल्या तेव्हा नेटवर्कच्या शोधात मुलांना डोंगरमाथा गाठावा लागल्याचे गोव्याने पाहिले. म्हणून साधने नेटवर्कविना चालणारी हवीत. भर पावसात वीज जाते, तेव्हा दिवसभर टिकेल एवढी बॅटरी हवी. यंत्र बिघडले तर ते दुरुस्त कोणी करावयाचे हे यंत्र देण्याआधी ठरले पाहिजे; अन्यथा ते कपाटात बंद होईल आणि शिक्षिका नोंदवहीत त्याची संख्या लिहीत राहील. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात तालुक्यागणिक एक जाणता तंत्रज्ञ असणे हा अवास्तव खर्च नव्हे. पैसा कोठून आणावयाचा, असे कोणी विचारील, तर निदान डिचोलीपुरते उत्तर तयार आहे. खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज निधी आहे आणि त्याच्या प्राधान्याच्या विषयांत शिक्षणाचा समावेश आहे.

पडद्यापुढे मुलांनी फार वेळ बसू नये, ही पालकांची चिंता रास्त आहे. शाळांतून पडदे आणण्यात पुढे गेलेल्या स्वीडननेही २०२३ साली छापील पुस्तकांकडे पुन्हा वळण्यासाठी निधी दिला. आम्हीही दिवसाकाठी वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक वेळाची मागणी करीत नाही. पाढे तर पाठ हवेतच. ज्याला सात चोक अठ्ठावीस हे विचार न करता येते, त्याचेच मन पुढच्या कोड्यासाठी मोकळे राहते. पाठांतर आणि आकलन यांचे भांडण लावून देणारे दोन्ही पक्ष मुलांचे नुकसान करतात.

एक इशारा मात्र आताच दिलेला बरा. ‘आता टॅब्लेट आहेत, मग दुसरा शिक्षक कशाला?’ असा हिशेब सचिवालयात मांडला जाण्याचा धोका आहे. तसे झाले तर या साधनाइतके घातक दुसरे काही नसेल. रडणाऱ्या पहिलीच्या मुलाला जवळ घेणे, त्याच्या चुकीमागचा विचार ओळखणे, ‘तुला येईल’ असे म्हणणे, हे यंत्राचे काम नव्हे. रिक्त पदे भरलीच पाहिजेत, आणि साधने त्यांच्या जोडीला दिली पाहिजेत.

सरकारने पेडणे आणि डिचोली येथील एकशिक्षकी मराठी शाळांची निवड करून एका शैक्षणिक वर्षापुरता हा प्रयोग करून पाहावा. आरंभी आणि अखेरीस मुलांची गणिताची पारख व्हावी आणि निष्कर्ष, बरे असोत वा वाईट, लोकांसमोर ठेवावेत. शाळा बंद करण्याचा निर्णय त्यानंतर घेण्याची पाळी बहुधा येणार नाही. पंतोजींच्या काळी मुलांच्या हाती धूळपाटी होती, पुढे दगडी पाटी आली, आता काचेची येत आहे. पाटी कोणतीही असो, ती वाड्यावरच्या शेवटच्या मुलापर्यंत पोहोचली पाहिजे आणि ती हाती देणारे गुरुजी तेथे असले पाहिजेत.