शेळी लहान, खुर्ची मोठी

उस्मानाबादी शेळीच्या एका कातड्यात जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची मढवून होते का? हिशेब करून बघू. बैठक १८ इंच औरस-चौरस. वर २ इंचांचा फोम घातला की दोन्ही बाजूंच्या उंचीचे ४ इंच वाढले. खाली वळवून टाचायला दोन्हीकडे २-२ इंच धरले की आणखी ४. म्हणजे २६ इंचांचा चौकोन, पावणेपाच चौरस फुटांच्या जवळपास. शेळीचं कमावलेलं कातडं साधारण ४ ते ६ चौरस फूट भरतं. कागदावर जमलं. कातडं जमिनीवर पसरलं की लक्षात येतं, शेळी चौकोनी नसते. मानेकडे ते निमुळतं होतं, चार पायांची चार शेपटं बाहेर लोंबतात आणि पोटाची कड लिबलिबीत असते. चौकोन मधोमध ठेवला तर एखादा कोपरा हमखास हवेत.

यावर दोन उपाय. एक, फोम १ इंचाचा घ्यायचा आणि टाचायला दीडच इंच ठेवायचा. मग २३ इंचांत भागतं आणि थोरल्या शेळीत ते बसतं. दुसरा, वरचा तुकडा वेगळा, चहूबाजूंची पट्टी वेगळी आणि दोन्ही मशीनवर जोडायची. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यानं पहिल्या वाटेनं जावं. शिवण जितकी कमी तितकं बरं, कारण चामड्यात सुई एकदा घुसली की ते भोक कायमचं. कापड उसवून पुन्हा शिवता येतं, चामडं नाही.

म्हशीचं कातडं घेतलं तर हा प्रश्नच येत नाही. एका कातड्यात चार-सहा बैठका आरामात निघतात. पण ते जाड असतं. यंत्रावर मागचा थर सोलून एक-सव्वा मिलिमीटरवर आणलेलं मिळालं तरच घ्यावं, नाहीतर कोपऱ्यात घडी बसता बसत नाही. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्यानं गाईची आणि २०१५च्या दुरुस्तीनं बैल-वळूंचीही कत्तल बंद झाली, त्यामुळे इथल्या कत्तलखान्यांतून येतं ते म्हैस, शेळी, मेंढीचंच.

शेळीच का, याला आमच्या अणदुरात, या शेळीच्याच जिल्ह्यात बसून उत्तर द्यायची गरज पडू नये. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळीचं नाव उस्मानाबादीच राहिलं. बहुतेक काळीभोर, जुळी करडं देणारी, तुळजापूर, लातूर, उदगीरच्या कोरड्या मुलखात बाभळीच्या पाल्यावर निभावणारी. मटण इथं खपतं. कातडं मात्र कमावायला दूर जातं. देशातल्या शेळ्या-मेंढ्यांची कातडी कमावण्याचा मोठा धंदा तामिळनाडूत आहे, आंबूर, वाणियमबाडी, राणीपेटच्या पट्ट्यात. आपल्याच शिवारात चरलेल्या जनावराचं चामडं हवं असेल तरी ते बहुधा मुंबई-धारावीच्या दुकानातूनच आणावं लागतं, आणि ते आपल्याच शिवारातलं आहे हे सांगणार कोण?

असं पूर्वी नव्हतं. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा, एवढ्यावर गावोगाव कातडं कमावलं जाई. कोल्हापुरी चपलेचं चामडं आजही याच सालींवर कमावतात. तिला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. त्यात सोलापूर आहे, धाराशिव नाही. म्हणजे मानांकनाची हद्द आपल्या अलीकडेच संपली. मात्र चामड्याच्या कामाची सगळ्यात मोठी कथा आपल्याच महामार्गावर, उमरग्याच्या पुढे, बसवकल्याणला घडली. बाराव्या शतकातले हरळय्या हे चप्पल-जोडे करणारे शरण, म्हणजे बसवण्णांच्या मेळ्यातले भक्त. बसवण्णांबद्दलच्या आदरापोटी त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले, असं परंपरा सांगते. पुढे त्यांच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झालं आणि बिज्जळ राजानं दोन्ही व्याह्यांना देहदंड दिला. त्याच मेळ्यातले कक्कय्या हे ढोर समाजाचे संत. कातडं कमावणाऱ्या या समाजाची माणसं मुंबईला गेली, तेव्हा कक्कय्याही सोबत गेले; धारावीत संत कक्कय्या मार्ग आहे. खुर्ची मढवायला घेताना हे आठवावं असं मला वाटतं. ज्या हातांना आपण शतकानुशतकं वेशीबाहेर ठेवलं, त्यांचं कौशल्य आज छंद म्हणून शिकतो आहोत.

कच्चं कातडं आणि कमावलेलं कातडं यांतला फरक मात्र इथं पोरासोरांनाही ठाऊक आहे, फक्त खुर्चीच्या संदर्भात नाही. अणदूरचा खंडोबा सव्वादहा महिने इथं आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. खंडोबा आला की वाघ्याची दिमडी आली. ती पूर्वी घोरपडीच्या कातड्यानं मढवत. आता ते कायद्यानं बंद आहे. हलगी शेळीच्या कातड्याची. वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात, कारण तिचं कातडं कच्चं असतं: ओल लागली की सैल पडतं, शेकलं की ताठ होतं. हे बैठकीला चालत नाही. कमावताना सालीतला तुरट अंश किंवा क्रोमियमचे क्षार कातड्याच्या तंतूंना घट्ट धरतात, म्हणून ते सडत नाही आणि वाळून लाकडासारखं होत नाही. सालीवर कमावायला आठवडे जातात, क्रोमियमवर दिवस-दोन दिवस. बैठकीला क्रोमवालंच घ्या. ते मऊ राहतं आणि पाण्याचा थेंब पडला तरी सहसा डाग धरत नाही. सालीवरचं चामडं पट्ट्याला, चपलेला.

दुकानात कातडं घेताना उलटं करून मागची बाजू आधी बघावी. सोलताना सुरी लागलेले काप तिथं दिसतात, वरून कळत नाहीत; ताण पडला की चामडं नेमकं तिथंच फाटतं. वरच्या बाजूला बाभळीच्या काट्यांचे जुने ओरखडे असतात, गोचिडांचे ठिपके असतात. जखम भरून आलेल्या जागी रंग जरा वेगळा चढतो. मला हे ओरखडे आवडतात. ज्यांना आवडत नाहीत त्यांनी ते बैठकीच्या मागच्या कडेला जातील असं आखावं. एकही खूण नसलेलं, सगळीकडे सारखं दिसणारं चामडं स्वस्तात मिळालं तर ते रेक्झीन समजावं, किंवा चामड्याचा भुगा चिकटवून केलेला ताव. कापलेल्या कडेला बारीक तंतू सुटलेले दिसतात का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

आता काम. खुर्ची उलटी करून चार स्क्रू काढले की बैठक सुटते. जुनं कव्हर फाडू नका; स्टेपल पेचकसानं उचकटून, पकडीनं ओढून ते अखंड काढा, तोच तुमचा नमुना. प्लाय वाकलेला असेल तर नवा घ्या, आणि त्याला अर्ध्या इंचाची चार-पाच भोकं पाडा. रेक्झीनच्या खुर्चीवर बसलं की फस्स आवाज होतो तो कोंडलेल्या हवेचा; चामड्यातूनही हवा सहज जात नाही. फोम प्लायवर चिकटवून त्यावर मांजरपाट घट्ट ताणून टाचायचा. बहुतेक नवशिके ही पायरी गाळतात. फोमला आकार द्यायचं काम मांजरपाटानं करावं, म्हणजे चामड्यावर जोर पडत नाही.

चामडं डोक्याकडून शेपटीकडे कमी ताणतं, आडवं जास्त. पाठीचा कणा बैठकीच्या मधोमध, पुढून मागे येईल असं ठेवायचं. कापण्याआधी थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवलं की ते नरम पडतं. मग चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चूक अर्धीच ठोकायची: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. उलटून बघायचं. तळहात मधून कडेकडे फिरवत सुरकुती बाहेर काढायची आणि मध्यापासून कोपऱ्याकडे सरकत ८ मिलिमीटरचे स्टेपल मारत जायचं. कोपऱ्याच्या अलीकडे दोन इंच थांबायचं.

खरी परीक्षा कोपऱ्यातच. एक जाड चुणी घातली तर ती फुगते आणि खुर्ची चौकटीत नीट बसत नाही. दोन लहान चुण्या घालायच्या, आणि त्याआधी घडीच्या जागी मागच्या बाजूनं रापीनं चामडं छिलून पातळ करायचं. रापी जवळजवळ आडवी धरायची आणि आपल्यापासून दूर ढकलायची. बाजारातल्या चपला दुरुस्त करणाऱ्या काकांना पाच मिनिटं बघितलं तर जे कळतं ते लिहून सांगता येत नाही. त्यांच्याकडूनच धार लावून घ्या आणि त्याचे पैसे द्या. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा, मग खुर्चीकडे वळावं.

मराठवाड्याच्या उन्हात चामड्यातलं तेल उडतं, म्हणून खुर्ची खिडकीसमोर ठेवू नये. वर्षातून दोनदा चामड्याचं क्रीम पुरे. खोबरेल चोपडू नका, काळे डाग पडतात. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या फडक्यानं पुसून वाऱ्यावर ठेवायची. घरात सहा खुर्च्या असतील आणि सहाही करायच्या असतील, तर कातडी एकाच वेळी, रंगाच्या एकाच घाण्यातली मागून घ्या. नंतर जाऊन तोच तपकिरी मागितला तर दुकानदार तोच म्हणून देईल, आणि घरी आणल्यावर तो तोच नसेल.