दहाव्या पिढीचे 1,024

कुलवृत्तांत उघडला की वंशावळ सापडते: वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, असं करत मूळ पुरुषापर्यंत. पण दहाव्या पिढीत प्रत्येकाचे पूर्वज असतात 1,024. वंशावळीत त्यांतला एक येतो. उरलेल्या 1,023 जणांत 512 बायका असतात, आणि बहुतेकींचं नावही कुठे उरलेलं नसतं.

आणखी मागे जाऊ. ज्ञानेश्वरी 1290ची. पिढी 25 वर्षांची धरली, तर तिथवर जवळपास 30 पिढ्या होतात आणि तिसाव्या पिढीत पूर्वजांच्या जागा भरतात 1,07,37,41,824. तेव्हा अख्ख्या जगात 50 कोटी माणसंही नव्हती! म्हणजे तीच माणसं शेकडो वाटांनी पुन्हा पुन्हा आपले पूर्वज ठरतात.

कागदांनी हात टेकले की लोक डीएनए चाचणीकडे वळतात. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, प्लास्टिकच्या नळीत खुणेपर्यंत थुंकी भरायची, झाकण लावून टपालाने पाठवायची. ‘अँसेस्ट्री’ या एकाच कंपनीकडे असे अडीच कोटींहून जास्त नमुने आहेत. आईकडून आणि वडिलांकडून आपल्याला सुमारे 300-300 कोटी अक्षरांचा डीएनए मिळतो. चाचणी त्यातली साधारण सहा-सात लाख ठिकाणं वाचते. दोन माणसांत सलग जुळणारे तुकडे सापडले की नातं निघतं.

मला सगळ्यांत चटका लावणारा आकडा या तुकड्यांचाच आहे. डीएनए पिढी-दर-पिढी मोठ्या तुकड्यांनी उतरतो, चूर्ण होऊन नाही. दहा पिढ्यांनंतर आपल्यात असे सहाशेच्या आसपास तुकडे असतात, आणि वाटेकरी 1,024. कुणाच्या वाट्याला दोन-तीन येतात. निम्म्याहून अधिक जणांच्या वाट्याला एकही नाही. ते नसते तर आपण नसतो, तरी आपल्या शरीरात त्यांचं एक अक्षरही नाही. कुठलीही चाचणी त्यांना शोधू शकणार नाही.

आपल्याकडे गुंता वेगळाच. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झाली, की दूरचे नातलग चाचणीत जवळचे दिसू लागतात, कारण एका वाटेचं नाही, अनेक वाटांचं नातं एकत्र मोजलं जातं. दक्षिण आशियातल्या 263 समाजगटांचा 2017मध्ये अभ्यास झाला. त्यांतल्या 81 गटांत थोड्याच मूळ पूर्वजांची छाप, तिच्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाली. शिवाय यांतल्या 14 गटांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे! अशा घरातल्या माणसाने अहवालातलं ‘जवळचं नातं’ वाचून लगेच कुणाला फोन लावू नये, आधी कागद पाहावेत.

आणि ही नळी एकट्याची नसते. एप्रिल 2018मध्ये कॅलिफोर्नियात ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून ओळखला जाणारा खुनी डीएनएवरून पकडला गेला. त्याने कुठेही नमुना दिला नव्हता. दूरच्या नातलगांनी दिला होता. त्याच वर्षी संशोधक यानिव अर्लिख आणि सहकाऱ्यांनी 12.8 लाख नमुन्यांवर हिशोब मांडला: युरोपीय वंशाच्या अमेरिकी माणसाचा शोध घेतला, तर 60 टक्के वेळा खापरपणजोबा एक असलेला किंवा त्याहून जवळचा नातलग हाती लागतो. या समाजातल्या फक्त दोन टक्के प्रौढांनी, म्हणजे सुमारे 30 लाखांनी नमुने दिले, तर हाच आकडा 99 टक्क्यांच्या पुढे जातो. उरलेल्या 98 टक्क्यांना कुणी विचारलेलंही नसतं.