‘वरखर्चाला थोडे पैसे’ म्हणजे नक्की किती?

शिवऱ्याहून आम्ही बोलतोय. आजचा विषय सहलीचा आहे, पण सहलीत काय पाहिलं ते आम्ही सांगणार नाही. सहलीला जाताना बटव्यात किती पैसे घ्यायचे आणि ते कुठून आणायचे, एवढंच सांगणार आहोत.

विषय निघाला तो मागच्या महिन्याच्या बैठकीत. बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले आणि आम्ही रजिस्टर मिटणार, एवढ्यात गटातल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, “पोरानं आम्हा दोघांना मोठ्या बोटीचं तिकीट काढलंय. मुंबईहून गोव्याला. खोली, जेवण सगळं तिकिटात हाय म्हणतोय. मग हातात किती पैसे घ्यायचे? त्याला विचारायची लाज वाटती.”

आधी सगळ्या हसल्या, कुणी चेष्टाही केली. पण प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर आम्हाला चटकन देता आलं नाही, कारण याच प्रश्नावर आम्ही एकदा चुकलो होतो. ती चूक आधी सांगतो.

मागच्या सहलीला आम्ही घारापुरीला गेलो होतो. मुंबईत गेटवेहून लाँचने तासाभराच्या अंतरावर हे बेट आहे. डोंगरात कोरलेली शंकराची लेणी आहेत, त्यांनाच एलिफंटा म्हणतात. १९८७ साली त्यांचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आम्ही गाडी ठरवली, गाडीची आणि जेवणाची वर्गणी काढली आणि सगळ्यांना सांगितलं, “वरखर्चाला थोडे पैसे घ्या.” तिथेच चुकलो. थोडे म्हणजे किती, ते आम्ही सांगितलं नाही.

पहाटे तीनला निघालो. वाटेत चहा झाला. गेटवेला लाँचचं तिकीट काढलं, वरच्या मजल्यावर बसायचे आणखी पैसे पडले. बेटावर उतरल्यावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे, तिचं तिकीट वेगळं. ग्रामपंचायतीचा कर वेगळा. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, खेळण्यांची दुकानं, काकडी-कैरी विकणाऱ्या बाया. आणि वर लेण्यांच्या दाराशी माणशी ४० रुपयांचं तिकीट.

पायथ्याशी आमच्यातल्या एक वहिनी खाली बसल्या. म्हणाल्या, “माझं गुडघं दुखतंय, तुम्ही या जाऊन.” आम्ही दीड तास वर होतो. एवढी मोठी त्रिमूर्ती पाहिली, हात जोडले, फोटो काढले. वहिनी खाली एका झाडाखाली सगळ्यांच्या पिशव्या राखत बसल्या.

पुढच्या बैठकीत कुणीतरी सहज विचारलं, “वहिनी, डोंगरावरनं गवताचा भारा आणता, तवा गुडघं दुखत नाहीत व्हय?” त्या आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या. नंतर एकटीजवळ बोलल्या. थोडेच पैसे घेऊन निघाल्या होत्या. वाटेत चौघींच्या चहाचे पैसे त्यांनीच दिले, कारण आधी दुसऱ्या कुणी दिले होते आणि आपण द्यायला नको का? बाकीचे लाँच आणि रेल्वेत गेले. पायथ्याशी आल्या तेव्हा हातात अकरा रुपये होते. चाळीस रुपये उसने मागायला जीव होईना. एवढ्या लांब जाऊन ती बाई लेणी न बघता परत आली.

मैत्रिणींनो, त्यांच्याकडे चाळीस रुपये नव्हते हा त्यांचा दोष नाही. वर तिकीट आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम आमचं होतं. ‘थोडे’ हा आकडा नाही. ज्याच्याकडे आहे त्याचे थोडे पाचशे असतात, ज्याच्याकडे नाही त्याचे थोडे दीडशे. म्हणून तेव्हापासून आम्ही चार गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्या गटालाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतची यादी करायची. घरातून पाऊल बाहेर पडलं तेव्हापासून परत घरात येईपर्यंत कुठे कुठे पैसे द्यावे लागतील, ते ओळीने लिहायचं. आधी जाऊन आलेल्या बाईला शेजारी बसवायचं. यादीत संडास-बाथरूमचे पाच-दहा रुपयेसुद्धा लिहायचे. ते पैसे वाचवायला बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ होते, डोकं धरतं. तो खर्च वाचवायचा नसतो. जागा कधी बंद असते तेही विचारून ठेवायचं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. सोमवारी गेलात तर सगळा खर्च पाण्यात.

दुसरी गोष्ट. पैशाचे चार वाटे करायचे. समजा एका दिवसाच्या सहलीला वर्गणी सोडून माणशी १००० रुपये धरले. त्यातले ४५० ठरलेल्या खर्चाचे. लाँच, रेल्वे, लेण्यांचं तिकीट, कर सगळं यात. २५० खाण्यापिण्याचे. १५० खरेदीचे. आणि १५० अडीनडीचे. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही जाल तेव्हाचे दर विचारून आपले आकडे लिहा. पण क्रम मोडू नका. आधी ठरलेला खर्च बाजूला निघाला पाहिजे, खरेदी त्यानंतर. आपलं उलटं होतं. गेटवेलाच नातवाला खेळणं घेतो आणि मग लेण्यांच्या दाराशी पैसे मोजत बसतो. अडीनडीचे पैसे वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवायचे, घरी येईपर्यंत उघडायचे नाहीत. उरले तर ते पुढच्या सहलीचे पहिले पैसे.

खरेदीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपलं बजेट तिथेच कोलमडतं. बाई सहलीला गेली की सगळ्या आळीला खाऊ आणायचा असतो. जावेला, नणंदेला, शेजारणीला. नाही आणला तर काय म्हणतील? यावर आम्ही तोडगा काढला. सगळ्यांनी मिळून चिक्कीचे मोठे पुडे घ्यायचे आणि परत आल्यावर वाटून घ्यायचे. प्रत्येकीने वेगळं काही घ्यायची सक्ती नाही. घरच्या लेकरांना एक वस्तू, बस्स.

तिसरी गोष्ट. चहा, पाणी, संडास, कर असल्या सारख्या खर्चाचं एकच सामाईक पाकीट करायचं. प्रत्येकीने सकाळी गाडीत बसतानाच सारखी रक्कम त्यात टाकायची. एकीने पैसे द्यायचे, दुसरीने वहीत लिहायचं. मग “मागं तू दिलेस, आता मी देते” हा प्रश्नच येत नाही. वहिनींचे पैसे या भिडेतच गेले होते.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हे पैसे आणायचे कुठून? सहलीसाठी गटातून अंतर्गत कर्ज द्यायचं नाही, असा आम्ही ठराव केला. आमच्या गटात महिन्याला दोन टक्के व्याज आहे. समजा १००० रुपये उचलले आणि दर महिन्याला १०० प्रमाणे दहा हप्त्यांत फेडले, तर व्याज ११० रुपये होतं. एका दिवसाच्या मजेसाठी दहा महिने हप्ता! आणि तोवर घरात आजारपण निघालं तर दुसरं कर्ज मागायला तोंड राहत नाही. गटाचं कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, दवाखान्याला आणि शाळेच्या फीला.

त्याऐवजी वहीत सहलीचं वेगळं पान उघडलं. नेहमीच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पैसे वेगळे. आपल्या भोर-वेल्ह्याकडे पैसा सगळ्या महिन्यांत सारखा येत नाही. पावसाळ्यात बियाणं, खत, लावणीची मजुरी, पोरांच्या वह्या-दप्तरं. भात निघाल्यावर हातात चार पैसे दिसतात. म्हणून पावसाळ्याचे चार महिने ५० रुपये आणि बाकीचे आठ महिने १०० रुपये. वर्षाचे झाले बरोबर १०००. सहलीच्या आदल्या दिवशी प्रत्येकीला तिचे पैसे पाकिटात घालून परत. सगळ्यांची पाकिटं सारखी, म्हणून कुणी कुणाच्या बटव्यात डोकवायची गरज नाही. जिला तेवढंही जमत नाही तिने आधीपासून सुरुवात करावी, दोन वर्षं लागली तरी चालतील.

आता मावशींच्या मोठ्या बोटीकडे वळू. मुंबईहून गोव्याला बोटीने जाणं काही नवीन नाही. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला आगबोटी जायच्या, माणसं गाठोडी घेऊन डेकवर झोपायची. अलीकडे २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ नावाची बोट सुरू झाली, पुढे ती बंद पडली. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ नावाच्या मोठ्या जहाजाच्या सफरी निघतात. क्रूझ म्हणतात ती हीच. पण खर्चाचं गणित घारापुरीसारखंच आहे. तिकिटात काय आहे यापेक्षा काय नाही, ते आधी विचारायचं.

साधारणपणे अशा तिकिटात खोली, ठरलेल्या भोजनगृहातलं जेवण आणि करमणुकीचे कार्यक्रम असतात. थंड पेयं, दारू, काही ठिकाणची कॉफी, इंटरनेट, मसाज, फोटो आणि बंदरावर उतरून करायची सहल यांचे पैसे बहुधा वेगळे पडतात. बंदराचं शुल्क, कर आणि नोकरमाणसांसाठीचं सेवाशुल्क तिकिटात धरलंय की वेगळं, हे मुलालाच विचारा. यात लाज कसली? “तिकीट काढलंस, फार बरं वाटलं. आता त्यात काय आहे आणि आमच्या हातचं काय जाईल, तेवढं एका कागदावर लिहून दे,” एवढंच म्हणायचं. न विचारता गेलात आणि शेवटी बिल आलं तर ते मुलालाच भरावं लागेल, मग दोघांनाही वाईट वाटेल.

दुसरं, अशा जहाजावर रोख पैसे सहसा चालत नाहीत. खोलीचं कार्ड दाखवायचं की खर्च खात्यावर लिहिला जातो. काही ठिकाणी आधी पैसे भरून घेतात, काही ठिकाणी उतरताना हिशेब होतो. नोटा मोजून दिल्या की पैसे गेल्याचं कळतं, कार्ड दाखवताना कळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी काउंटरवर जाऊन “आमच्या खात्यावर किती झाले?” असं विचारायचं आणि वहीत लिहायचं. विचारणं हा आपला हक्क आहे.

तिसरं, फोन. किनारा मागे पडला की आपलं नेटवर्क जातं. जहाजाच्या नेटवर्कवर फोन लागला तर बिल भारी येऊ शकतं. फोन विमान मोडवर टाका. घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणी घाबरणार नाही. आणि नेटवर्क नसेल तिथे मोबाइलवरून पैसे देता येणार नाहीत, म्हणून मुंबईत आणि गोव्यात लागतील तेवढ्या दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा जवळ असू द्या.

चौथं, डबा. दशम्या आणि चटणी मुंबईपर्यंतच्या वाटेसाठी घ्या. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर बहुधा नेऊ देत नाहीत.

पाचवं, जाण्यायेण्याचा खर्च. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे. ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. पण मुंबईत उतरून बंदरापर्यंत टॅक्सी लागते, आणि गोव्यात उतरल्यावर पुन्हा गाडी. बसण्याआधीच भाडं ठरवा.

मावशींबरोबर बसून आम्ही दोघांचा मिळून हिशेब मांडला. जाणंयेणं आणि टॅक्सी १५०० रुपये. जहाजावरचा जास्तीचा खर्च २०००. गोव्यात उतरल्यावर फिरणं आणि खाऊ १५००. अडीनडीला १०००. एकूण ६०००. सफरीला दहा महिने आहेत, म्हणजे महिन्याला ६००. मावशी म्हणाल्या, “एवढे नाही व्हायचे.” मग जहाजावरचे २००० कमी करून १००० केले. कॉफी नको, फोटो नको. महिन्याला ५०० वर आलं. त्यातले ३०० अंड्यांच्या पैशातून निघतील असं त्या म्हणाल्या. उरलेल्या दोनशेसाठी काकांशी बोलणार आहेत. अडीनडीचे हजार मात्र आम्ही त्यांना कमी करू दिले नाहीत.

घारापुरीला आम्ही पुन्हा जाणार आहोत. सहलीच्या पानावर पहिलं नाव वहिनींचं आहे. त्यांनी स्वतःच लिहायला सांगितलं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाची सहल ठरली असेल, मग ती जेजुरीची असो नाहीतर गोव्याच्या बोटीची, येत्या बैठकीत एक कोरं पान घ्या. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा खर्च लिहा आणि माणशी आकडा काढा. तो आकडा बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. मग जिला जमणार नाही ती तेव्हाच सांगेल आणि काहीतरी मार्ग काढता येईल. पायऱ्यांखाली बसल्यावर काढता येत नाही.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.