वेठ, शपथ आणि जमाव

दुसऱ्यांच्या सांगण्यावरून, दुसऱ्यांकडे पाहून किंवा दुसऱ्यांच्या धाकाने माणसाचे वागणे बदलते, त्याला मानसशास्त्रात सामाजिक प्रभाव म्हणतात. कोणी मागणी केली म्हणून ती मान्य करणे हे अनुपालन, अधिकाराच्या जागेवरून आलेला हुकूम पाळणे हे आज्ञापालन आणि कोणी काही न सांगताही चारचौघांसारखे वागणे ही अनुरूपता. पुस्तकात ही तीन रूपे वेगळी मांडता येतात; प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली असतात. १९४५ पूर्वीच्या डहाणू-तलासरीतली वेठबिगारी हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेली, आणि वारली कुटुंबांनी त्यांच्या शेतावर, गवतावर, घरी बोलावतील तेव्हा फुकट राबायचे. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको दोघेही त्या सावकाराचे ‘लग्नगडी’ होत आणि वर्षानुवर्षे सुटत नसत. नकाराला मार ठरलेला होता. जमीनदार मूठभर आणि वारली हजारो, तरी ही व्यवस्था टिकली. तिचे कारण अज्ञान किंवा सोशिक स्वभाव असे सांगणे अन्यायाचे आहे. धाक खराच होता, आणि त्याला शेजारच्या पाड्याचे रोजचे दर्शन येऊन मिळत होते. सगळे वेठीला जाताना दिसत, म्हणून प्रत्येकाला वाटे की बाकीच्यांनी हे स्वीकारले आहे. मनातला संताप उघड बोलला जात नसल्याने तो आपल्या एकट्याचाच आहे असा समज होई.

एकटेपणाचा हा परिणाम किती मोठा असतो, हे सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये अमेरिकेत साध्या प्रयोगातून दाखवले. रेषांची लांबी जुळवायची होती. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होते. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचे उत्तर देत. सुमारे तीन-चतुर्थांश माणसे निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तरामागे गेली. मात्र एक जरी सोबती खरे बोलला, तर ही शरणागती एकदम घसरे. स्टॅनली मिलग्रॅम यांच्या येल विद्यापीठातल्या प्रयोगांतही तेच आढळले. समोरच्याला विजेचा झटका देत जा, या हुकुमापुढे (झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते) ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले; शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिल्यावर ४० पैकी फक्त ४.

असा नकार देता येतो, हे वारल्यांना प्रथम दूरवर दिसले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली आणि याच भागातल्या उंबरगाव तालुक्यातले मोजके वारली तिथे गेले. पुढे किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांवर फिरू लागले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि त्यांनी शपथ घेतली: रोजी बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी जमिनीवर काम करायचे नाही, वेठ द्यायची नाही, मार सहन करायचा नाही, एकजूट सोडायची नाही. ही शपथ उघड्यावर, सर्वांसमक्ष होती हे फार महत्त्वाचे. कालपर्यंत प्रत्येकाला वेठीला ढकलणारा समूहाचा दाब त्या दिवसापासून वेठ नाकारण्याच्या बाजूला आला. आता वेठीला जाणारा एकटा पडणार होता. काही आठवड्यांत वेठबिगारीचा कणा मोडला. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

पण समूहाची ताकद स्वतःहून न्यायाच्या बाजूची नसते. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावी १६ एप्रिल २०२० च्या रात्री जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार मारले. टाळेबंदीचे दिवस होते; मुले पळवणारे, अवयव काढणारे चोर फिरत असल्याच्या अफवा परिसरात पसरल्या होत्या आणि गावकरी रात्री पहारा देत होते. परिस्थिती अस्पष्ट आणि भीती मोठी असली की माणूस इतरांचे वागणे हीच माहिती मानतो. शेजारी काठी घेऊन निघाला, म्हणजे धोका खरा असणार. अंधार आणि गर्दी यांत वैयक्तिक जबाबदारीची जाणीवही विरते. पोलीस तिथे होते, तरी हल्ला थांबला नाही. गावच्या महिला सरपंचांनी जमावाला आवरण्याचा प्रयत्न केल्याचे नंतर सांगितले.

मग अ‍ॅशच्या प्रयोगातला एकटा सोबती इथे का पुरला नाही? तिथे माणसे मोजकी, शांत आणि एकमेकांना ऐकू येतील अशी बसलेली होती. वाढत्या जमावात नवा येणारा माणूस आधीचे बोलणे ऐकतच नाही. त्याला फक्त धावणारी गर्दी दिसते. झरीला माणसे कशासाठी जमायचे हे ठरवून आली होती, काय करायचे ते आधी बोलले गेले होते आणि शपथ प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने घेतली होती. गडचिंचल्यात ठरवायला वेळच नव्हता, आणि ज्याच्या शब्दावर सगळे थांबतील असे तिथे कोणी नव्हते.

समूहाची रीत बदलण्याचा शपथेखेरीज आणखी एक मार्ग आहे, पण तो संथ आहे. सर्ज मोस्कोविची यांनी १९६९ मध्ये दाखवले की अल्पमतातली माणसेही आपले म्हणणे सातत्याने मांडत राहिली, तर बहुमतावर काही परिणाम करतात. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्याकडे या दृष्टीने पाहता येते. भिंतीवरची वारली चित्रे परंपरेने लग्नाच्या वेळी सुवासिनी काढत. मशे पुरुष असून, आणि लग्नविधीचे निमित्त नसतानाही, रोज चित्रे काढत राहिले. १९७० च्या दशकात त्यांचे काम बाहेर पोहोचले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज या भागातले अनेक पुरुष चित्रकलेवर पोट भरतात.