हेर प्रोफेसर, हजर!

सर. मॅडम. आपल्या कॉलेजात या दोन शब्दांवर अख्खी डिग्री निघते. बाहेर मात्र हा मामला भलताच रंगतदार आहे!

जर्मनीत प्रोफेसर म्हणजे 'हेर प्रोफेसर'. घाबरू नका, गुप्तहेर नव्हेत. हेर म्हणजे श्रीयुत. बाई असतील तर 'फ्राउ प्रोफेसोरिन'. डॉक्टरेट दोनदा केली? मग नावाआधी 'डॉ. डॉ.' असं डबल! ही डॉक्टरकी पासपोर्टवरही छापून घेता येते. फुकटची लावाल तर थेट फौजदारी गुन्हा. २०१३ मध्ये प्रबंधातल्या उचलेगिरीच्या ठपक्यावरून डॉक्टरेट गेली आणि एका जर्मन मंत्रीणबाईंना खुर्ची सोडावी लागली. खातं कोणतं, माहीत आहे का? शिक्षण!

डच मंडळी तर पाकिटावरच पदवी मोजतात. पत्र प्रोफेसरांना असेल तर विशेषण 'अतिविद्वान'. नुसत्या डॉक्टरांना मात्र 'सुकुलीन, फार विद्वान'. धाकट्याला लांबलचक, थोरल्याला आटोपशीर. बिचारा पोस्टमन!

आता स्वीडन. १९६७ मध्ये ब्रोर रेक्सेड तिथल्या सरकारी आरोग्य खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी स्टाफला सांगून टाकलं, मी सगळ्यांना अरे-तुरे करणार! देशभर वारं आधीच फिरत होतं, या घोषणेनं वादळ झालं. आज तिथला विद्यार्थी प्रोफेसरला बिनधास्त पहिल्या नावानं हाक मारतो. आणि हे रेक्सेड कोण? शरीररचनाशास्त्राचे प्रोफेसर. मज्जारज्जूतल्या थरांना त्यांचंच नाव आहे. साहेबांना कणा होता म्हणायचा!

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात प्रोफेसरांना नुसतं 'मिस्टर' किंवा 'मिस' म्हणायची जुनी रीत आहे. संस्थापक थॉमस जेफरसन यांच्याकडे तरी कुठे डॉक्टरेटचा प्रबंध होता?

थायलंडमध्ये शिक्षकाला 'आचान' म्हणतात. ओळखीचं वाटतंय? आपला 'आचार्य'च तो, विमानानं गेलेला! इंडोनेशियात सर म्हणजे 'पाक', बाबा. मॅडम म्हणजे 'बू', आई. हजेरी कमी असेल तर घरचीच बोलणी.

शांतिनिकेतनात शिक्षक म्हणजे दादा आणि दीदी. चित्रकार नंदलाल बोस मात्र सगळ्यांचे 'मास्टरमोशाय'.

आणि हे माहीत आहे का? हिंदीतले 'कुलपति' म्हणजे व्हाइस चान्सलर, आपले कुलपती म्हणजे चान्सलर, बहुतेकदा साक्षात राज्यपाल! चुकीच्या राज्यात चुकीचा अर्ज टाकलात की प्रमोशन फ्री. मध्य प्रदेशानं २०२४ मध्ये आणि राजस्थाननं २०२५ मध्ये 'कुलगुरू' हा शब्द स्वीकारला. मराठीत तो केव्हापासूनच रुळलेला आहे, कॉलर ताठ करायला हरकत नाही.

तर मास्टर्ससाठी म्युनिकला ई-मेल टाकणार असाल तर आधी विद्यापीठाच्या वेबसाइटवर प्रोफेसरांचं पूर्ण टायटल बघा. 'रिस्पेक्टेड सर' नको. तिकडे मॅडम निघाल्या तर?