गाडीतली वीज – लेखांक ९ : डॅशकॅममधली घूंऽऽ कुठून येते?

डॅशकॅमची वायर काचेच्या कडेने पिलरच्या आत आणि तिथून फ्यूज बॉक्सपर्यंत कशी न्यायची, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. वायर बसली, कॅमेरा चालू झाला, चित्रही स्वच्छ आलं. मग कधीतरी रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकावं, तर बोलण्यामागे सतत घूंऽऽ चालू असते. कॅमेरा परत करायला दुकानाची पायरी चढण्याआधी थोडं थांबा. बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्यात नसतो, तर त्याला वीज पुरवणाऱ्या चार्जरमध्ये किंवा वायरीत असतो आणि तो घरच्या घरी शोधता येतो.

आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा बदलतो, याकडे कान द्यावा. मोशीकरांना त्यासाठी मुद्दाम कुठे जायला नको. सकाळी भारतमाता चौकातल्या कोंडीत गाडी जागच्या जागी उभी असते. पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडून चिंबळी फाट्याकडे रस्ता जरा मोकळा मिळाला की पहिला, दुसरा, तिसरा गिअर पडतो. एवढ्या टप्प्याचं रेकॉर्डिंग काढून निवांत ऐका. पहिल्या गिअरमध्ये घूंऽऽ वर वर चढली, क्लच दाबताच खाली घसरली आणि दुसऱ्या गिअरमध्ये पुन्हा चढायला लागली, तर ती गाडीच्या वेगामागे नाही, इंजिनाच्या फेऱ्यांमागे धावते आहे. हा अल्टरनेटरचा आवाज. आपल्याकडचे जुने मेकॅनिक त्याला अजून डायनामोच म्हणतात.

अल्टरनेटर तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि त्यातले सहा डायोड तिची डीसी करतात. पण ही डीसी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा राहतात. रोटर बारा पोलचा असेल तर एका फेरीत अशा ३६ लाटा येतात. इंजिन ८०० आरपीएमवर असेल आणि पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरत असेल, तर हिशेब १२०० हर्ट्झचा होतो. इंजिन २००० आरपीएमवर गेलं की तोच सूर ३००० हर्ट्झवर जातो. माणसाचा कान याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, म्हणून ही शिट्टी लहान असूनही डोक्यात जाते.

बॅटरी धडधाकट असेल तर ती या लाटा बऱ्याचशा गिळते. म्हणून जुन्या गाडीत अशी शिट्टी अचानक सुरू झाली, तर आधी बॅटरीचे टर्मिनल आणि बॉडी अर्थचा बोल्ट पाहावा. सैल किंवा गंजलेला असेल तर घासून घट्ट करावा. तरीही आवाज राहिला तर इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर एसीवर लावावा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर धरावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर एखादा डायोड गेल्याची शंका घ्यावी. अशा वेळी कॅमेऱ्याने आवाजातून गाडीचं दुखणंच सांगितलेलं असतं, त्याकडे दुर्लक्ष करू नका.

अधिक वेळा भेटणारा प्रकार मात्र दुसराच आहे. इंजिन कितीही रेटा, गुणगुण एकाच सुरात राहते. कोंडीत खिडक्या बंद करून गप्प बसलं की ती मोठी होते, कोणी बोलायला लागलं की दबते. या मोठं-लहान होण्यामागे कॅमेऱ्याचा एक गुण आहे. शांतता असली की कॅमेरा माइकची पातळी आपोआप वाढवतो, म्हणजे दूरचा आवाजही टिपला जावा. त्यासोबत विजेतली घाणही वाढते.

ही घाण येते लायटरच्या सॉकेटमधल्या चार्जरमधून. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास वीज असते आणि कॅमेऱ्याला ५ व्होल्ट लागतात. चार्जरमधली चिप सेकंदाला हजारो-लाखो वेळा वीज चालू-बंद करून ती खाली आणते. हा वेग कानाच्या पलीकडचा असतो, पण स्वस्त चार्जरमध्ये दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे पैसे वाचवायला कॉइल आणि कपॅसिटर लहान घातलेले असतात. दुसरी म्हणजे एमसी ३४०६३ सारखी जुनी चिप भार कमी असला की मध्ये मध्ये थांबून काम करते आणि ही थांबण्याची लय ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरते. डॅशकॅमला जेमतेम चार-पाच वॅट लागतात, म्हणजे भार कमीच. चार्जरवर मोठ्या अक्षरांत ३.१ अँपिअर लिहिलेलं असलं तरी इथे त्याचा काही उपयोग होत नाही.

खात्री करायला पॉवर बँक पुरते. तीच वायर पॉवर बँकेला जोडून पुन्हा रेकॉर्डिंग करा. गुणगुण गेली तर चार्जर पकडला गेला. इंजिन बंद ठेवूनही ती तशीच राहिली तर मात्र कॅमेरा दुकानात न्यायला हरकत नाही. पॉवर बँकेवर इंजिन बंद असताना स्वच्छ आणि चालू केल्यावर घरघर असेल, तर ती घरघर विजेची नाही. उन्हाने डबल टेप सुटून कॅमेरा काचेवर थरथरत असतो. टेप बदला, भागेल.

आपल्या पट्ट्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने आहेत. गाड्यांनी एकमेकांच्या आणि आपल्याच यंत्रांच्या कामात विजेचा अडथळा आणू नये, यासाठी एआयएस ००४ हे मानक आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. आपण ज्या हायवेवरून रोज जातो, तिथून ट्रेलरवर चढून निघालेली कोरी गाडी या कसोटीतून पार पडलेल्या मॉडेलची असते. त्यात नंतर आपण खोचलेला सुटा चार्जर त्या कसोटीत कधी नव्हताच. म्हणून कॅमेऱ्यावर आठ हजार घालून चार्जरवर दीडशे वाचवणं मला पटत नाही.

चार्जर बदलायचा तर कॅमेऱ्याच्या कंपनीचा घ्यावा, किंवा फ्यूज बॉक्समधून वीज घेणारा हार्डवायर किट बसवावा. अर्थ मात्र प्लॅस्टिकजवळच्या रंगवलेल्या स्क्रूला न देता चेसिसच्या उघड्या धातूला द्यावा. ट्रक-टेम्पोवाल्यांनी किट २४ व्होल्टला चालणारा आहे ना, ते आधी वाचावं. वायरवर चिमट्यासारखा बसणारा फेराइट सगळेच सुचवतात. तो अतिवेगवान गोंगाट अडवतो, त्यामुळे कॅमेरा लावला की एफएमवरचं दूरचं स्टेशन खरखरतं तिथे तो उपयोगी पडतो. अल्टरनेटरच्या शिट्टीवर त्याचा जवळजवळ काही परिणाम होत नाही.

कंपनीच्या कामगार-बस चालवणाऱ्यांना आणखी एक आवाज ओळखीचा असेल: थोड्या थोड्या वेळाने येणारी टर्रर्र-टर्रर्र. प्रवासी वाहनांत एआयएस १४० प्रमाणे ट्रॅकर बसवावा लागतो. टू-जी सिमवर चालणारं कुठलंही यंत्र माहिती पाठवताना सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओचा झटका देतं आणि तो जवळच्या माइकमध्ये शिरतो. ट्रॅकरची पेटी किंवा साधा मोबाइल कॅमेऱ्यापासून हातभर लांब नेला की टर्रर्र थांबते.

आता जुन्या, घूंऽऽ असलेल्या रेकॉर्डिंगचं काय करायचं? अपघाताची फाइल असेल तर ‘आवाज साफ करून देतो’ म्हणणाऱ्या कुणाच्या हाती मूळ फाइल देऊ नका. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातही व्हिडिओ रेकॉर्डिंगचा प्रश्न होता आणि जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमतही लिहावी लागते. फाइलमध्ये एक कणभर बदल केला तरी ही किंमत बदलते. म्हणून घटना घडताच कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवा, नाहीतर लूप रेकॉर्डिंग त्यावर नवं लिहीत जाईल. ऐकण्यासाठी वेगळी प्रत काढा आणि गुणगुण कमी करायची असेल तर त्या प्रतीवरच करा. मूळ आवाजात घूंऽऽ असली तरी हॉर्न, ब्रेकची किंचाळी आणि बोललेले शब्द तिच्यातून ऐकू येतात.

पुढच्या आठवड्यात पार्किंग मोड पाहू. गाडी रात्रभर उभी असताना कॅमेरा बॅटरीतून किती वीज ओढतो आणि कट-ऑफ किती व्होल्टवर ठेवायचा, हा त्याचा विषय.